शिडीचे पाय

वाशीच्या घरात पहिलं पाऊल टाकलं तेव्हा मी खाली बघितलं आणि ह्यांनी वर. माझ्या पायाखाली मोझॅकच्या लाद्या होत्या, पांढऱ्यावर काळे-पिवळे ठिपके, नुकत्याच पॉलिश केलेल्या. लालबागच्या चाळीत आयुष्य उखडलेल्या फरशीवर काढलेलं, त्यामुळे मी चपला दाराबाहेर काढल्या आणि तशीच खुळ्यासारखी उभी राहिले. हे मात्र मान वर करून छताचा कोपरा न्याहाळत होते. म्हणाले, "इथून गळणार."

मला असा राग आला! सत्तरचं दशक संपत आलेलं, आजूबाजूला नुसता चिखल, खाडीचा खारट वारा आणि अर्धवट उभ्या इमारती. त्यात आपल्याला स्वतःचं दार, स्वतःचा नळ मिळालाय, आणि ह्या माणसाला पहिल्या मिनिटाला गळती दिसते. पण गळलं. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. पावसाळा संपला की बाहेरच्या खोलीच्या त्या कोपऱ्यात चुन्याचे पोपडे सुटायचे, खाली कॉटवर पडायचे, आणि त्यांच्या मागून मिठासारखी पांढरी बुरशी वर यायची.

हे जवळच्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचे. हाताने मात्र पक्के कारागीर. परक्या माणसाचा हात आपल्या भिंतीला लागलेला त्यांना खपत नसे. दसरा झाला की दिवाळीच्या आत तो कोपरा खरवडायचा, सिमेंट भरायचं, वर चुना मारायचा, हे दरवर्षीचं ठरलेलं. त्यासाठी त्यांनी एक लाकडी शिडी आणली. पहिल्याच वर्षी त्या शिडीने माझ्या लादीवर दोन लांब ओरखडे काढले. मी भांडी आपटली, बोलणं टाकलं, जेवायला वाढून आत जाऊन बसले. आता आठवलं की वाटतं, काय ते भांडण आणि कशासाठी! पण तेव्हा त्या लाद्या म्हणजे माझा जीव होता.

पुढच्या वर्षीपासून ह्यांनी जय्यत तयारी सुरू केली. कपाटावर माझी जुनी नऊवारी, जमिनीवर रद्दी पेपर, शिडीच्या वरच्या टोकांना फडकी गुंडाळलेली, म्हणजे भिंतीचा रंग खरवडू नये, आणि पायांखाली ओलं करून पिळलेलं गोणपाट. एवढं सगळं करून शिडी सरकायची ती सरकायचीच. मग मला हाक. मी खाली उभी राहायची, दोन्ही पावलं शिडीच्या पायांना लावून, दांडे घट्ट धरून, मान खाली. वरून चुन्याचे थेंब केसात. "मी काय खांब आहे का?" असं मी दर पाच मिनिटांनी विचारायची. "जरा दम धर, हे शेवटचं," असं हे दर पाच मिनिटांनी सांगायचे.

त्याच सुमाराला सासूबाई गाव सोडून आमच्याकडे आल्या. सासरे गेले, गावात कोणी उरलं नाही. कोकणातल्या मातीत वाढलेली बाई, चौथ्या मजल्यावर तिला करायला काही नाही. गुडघ्यांमुळे जिना उतरता येईना. खिडकीत बसायच्या आणि म्हणायच्या, "वारा पण कंपनीचाच वास घेऊन येतो गो इकडे." एकच दिवस असा यायचा की त्यांच्या अंगात उत्साह मावत नसे, आणि तो म्हणजे खंडेनवमी. गावाला त्या दिवशी नांगर, कोयते, कुदळी धुऊन, तेलाचा हात फिरवून, ओळीने मांडून पूजा व्हायची. आमच्या घरात कुठला नांगर? मग विळी, अडकित्ता, ह्यांची हातोडी, पकड, नटबोल्टचे पाने सगळं पाटावर, आणि भिंतीला टेकवलेली शिडी. सासूबाई जमिनीवर बसून खोबरेल तेलाची वाटी मांडीशी घ्यायच्या आणि शिडीला खालून वर, हात पोचेल तिथवर तेल लावायच्या. पायांना जास्त. "माज्या पोराचा सगळा भार घेते ही," म्हणायच्या. "हिचे पाय नाय दमत?" मग हळदकुंकू, झेंडूचं फूल. लाकूड कोरडंच असायचं, तेल पिऊन टाकायचं. चार दिवसांत तेल लावलं होतं हेसुद्धा कळायचं नाही.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी श्रावणातच माझी कंबर धरली. "यंदा मी काही खांब होऊन उभी राहणार नाही," असं मी जाहीर करून टाकलं. हे हसले. मग एका रविवारी स्कूटरच्या जुन्या टायरचा तुकडा घेऊन आले. गॅलरीत बसून साबणाचं पाणी सोडत हॅक्सॉने तो कापला, शिडीच्या दोन्ही पायांना जोड्याच्या तळव्यासारखा बसवला, खिळ्यांची डोकी रबरात खोल ठोकली, म्हणजे लादीला लागू नयेत. घरात येऊन शिडी भिंतीला लावली आणि मला म्हणाले, "हलवून दाखव."

मी जोर लावला. शिडी तसूभर हलली नाही. पुन्हा लावला. काही नाही.

"सुटलीस तू," ते म्हणाले. एवढा आनंद झाला होता त्यांना! काळ्या रबराचा डाग लादीवर उठेल म्हणून गोणपाट मात्र चालूच ठेवायचं, हेही त्यांनी स्वतःच सांगितलं. माझ्या लादीची काळजी, माझ्या कमरेची काळजी. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. कारण नंतर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी मला पुष्कळ ऐकवलं, की हौस नडली, रंगारी बोलवायचा, कशाला नसत्या उचापती. हौस नव्हती ती.

नवरात्र आलं. खंडेनवमीला सासूबाईंनी दरवर्षीसारखी पूजा केली. दरवर्षीसारखं तेल लावलं.

लाकूड तेल पितं. रबर पीत नाही. आमच्या तिघांच्याही डोक्यात हे आलं नाही. कसं येणार? पूजेच्या वस्तूकडे कोणी अशा नजरेने बघतं का?

दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात दिवाळीचे डबे घासत बसले होते. यंदा मला हाक आली नाही याचं मनात सुख होतं. बाहेर पत्र्याने खरवडल्याचा आवाज चालला होता. मग तो थांबला. काहीतरी सर्रकन सरकलं, मग दणका बसला आणि मग बादली गडगडली.

हे लोखंडी कॉटच्या कडेवर पाठीने आदळून खाली आले होते. चुना सगळ्या खोलीभर. शिडी त्यांच्या शेजारी आडवी. डोळे उघडे होते, रक्त नाही, काही नाही. मला बघून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "पाय कुठं आहेत गं माझे?"

अहो, पाय समोर होते! धडधाकट, चुन्याने माखलेले, समोर होते.

शेजारची माणसं धावली. जिना अरुंद, उचलायचं कसं, ह्यावर आरडाओरडा. शेवटी कोणीतरी तीच शिडी घेतली, तिच्यावर सतरंजी घातली, ह्यांना वर सरळ झोपवलं आणि माझ्या साड्यांनी बांधलं. ते बघितल्यावर इतका वेळ भिंतीला धरून उभ्या असलेल्या सासूबाई किंचाळल्या. "तसा नका नेऊ! माज्या पोराला शिडीवर बांधून नका नेऊ!" त्यांच्या गावात माणूस अशा रीतीने एकदाच घराबाहेर जातो. पण ऐकायला वेळ कोणाला होता?

जिन्याच्या वळणावर एकाचा हात सुटला तेव्हा मी पुढे होऊन शिडीची खालची टोकं धरली. माझे तळवे रबरावरून घसरले. मी पदराने पुसून पुन्हा धरलं, पुन्हा घसरले. खाली टेम्पोत बसल्यावर हात तोंडाशी नेला तेव्हा वास आला. खोबरेल.

पूल ओलांडून मुंबईच्या मोठ्या इस्पितळात जाईपर्यंत मी तो हात उघडाच धरून बसले होते. काय करावं त्याचं, हे कळत नव्हतं.

मणका गेला होता. कमरेखाली आता ताकद-संवेदना काही येणार नाही, असं डॉक्टरांनी मला व्हरांड्यात सांगितलं. मी आत आले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आधी दाराकडे बघून घेतलं. मग हळूच म्हणाले, "रबराला तेल होतं. पडलो तेव्हा तोंडासमोरच होतं."

"माहितेय मला," मी म्हटलं.

"आईला कळता कामा नये. माझी शपथ आहे तुला."

मी शपथ घेतली. न घेऊन काय करणार?

घरी आणलं तेव्हा त्याच कॉटवर, त्याच कोपऱ्याखाली झोपवावं लागलं. खोली ती एकच. कोपरा अर्धा खरवडलेला तसाच राहिला होता. जमिनीवर चुना वाळून बसला होता, लाद्यांची चकाकी मेली होती. मी घासल्याही नाहीत. मी एका ऑफिसात कामाला लागले. सकाळी डबा करून निघायचं, संध्याकाळी बसला लोंबकळत परत यायचं. दिवसभर ती दोघंच घरात, आई आणि मुलगा.

आणि रोज संध्याकाळी दार उघडलं की मला तेच दिसायचं. सासूबाई कॉटच्या पायथ्याशी बसलेल्या, मांडीशी तीच वाटी, तेच खोबरेल, आणि ह्यांच्या पावलांना मालिश चाललेलं. घोट्यापासून वर, पोटऱ्या, पुन्हा खाली, एकेक बोट. हे डोळे मिटून म्हणायचे, "आज थोडं जाणवतंय, आई." आणि त्या म्हणायच्या, "येल, येल. ताकद येल."

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. खरं सांगते, त्या वर्षी मी त्या म्हातारीचा जेवढा राग केला तेवढा उभ्या जन्मात कोणाचा केला नाही. पाणी दिलं तरी पेला आपटून. आपल्या हातांनी काय केलं ह्याचा पत्ता नाही, आणि बसलीय तेल चोळत! शब्द अगदी ओठांवर यायचे. ह्यांची नजर माझ्यावर असायची. मी गिळून टाकायची. एक गोष्ट मात्र तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवी होती. शेजारणी पुन्हा पुन्हा विचारायच्या, कसे हो पडले, कसे हो घसरले? सासूबाईंनी एकदाही विचारलं नाही.

पावसाळा गेला. कोपरा त्या वर्षी असा गळला की कॉट सरकवून मध्ये घ्यावी लागली. आता वर कोण चढणार? मी बादली लावायची आणि कामावर जायची. पुन्हा नवरात्र आलं. खंडेनवमीला मला सुट्टी होती. सासूबाईंनी पाट मांडला, विळी ठेवली, हातोडी, पकड, पाने पुसून ठेवले. मग म्हणाल्या, "शिडी आण गो."

शिडी बाहेर जिन्यात उभी केलेली होती. वर्षभर तिच्याकडे कोणी बघितलं नव्हतं.

मी फाडकन म्हटलं, "नाही आणणार! जाळून टाका ती! कसली पूजा करताय तिची?" माझा आवाज चढला होता. आता सगळं बाहेर पडणार, हे मला कळत होतं, आणि पडू दे असंच वाटत होतं. "तुम्हाला माहितेय का, आई, त्या शिडीला—"

"आण गं," हे कॉटवरून म्हणाले. "आईला करू दे."

मी आणली. दणकन भिंतीला टेकवली. सासूबाई बसल्या-बसल्या तिच्याजवळ सरकल्या. दांड्यांना तेल लावलं, पायऱ्यांना लावलं. हळूहळू हात खाली आला. पायांपाशी, रबराच्या वर वीतभर, त्यांचा हात थांबला. त्यांनी वाटी बाजूला ठेवली. पदर सोडवून हातात घेतला आणि ते रबर पुसायला लागल्या. कोरड्या पदराने, एक पाय, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. वर्षभराची धूळ होती तिथे, तेल कुठलं असणार? तरी पुसत होत्या. बोटाने चाचपून बघायच्या, बोट नाकाशी न्यायच्या आणि पुन्हा पुसायच्या.

मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

कधीपासून माहीत होतं त्यांना? त्याच सकाळपासून असणार. भिंतीला धरून उभ्या होत्या तेव्हा शिडी त्यांच्या समोरच तर पडली होती. म्हणजे वर्षभर ते पाय चोळत होत्या त्या हे मनात घेऊन, आणि मी पेले आपटत होते. माझा राग एका क्षणात गेला, आणि तो गेल्यावर मला कळलं की वर्षभर मी त्याच्याच जोरावर उभी होते. आता रागवायलासुद्धा कोणी उरलं नव्हतं. मी मटकन चुन्याच्या डागांवर खाली बसले.

सासूबाईंनी शिडीच्या पायांना कुंकू लावलं नाही, फूल वाहिलं नाही. वाटी उचलून त्या तशाच बसल्या-बसल्या कॉटकडे सरकल्या आणि ह्यांची पावलं मांडीवर घेऊन चोळायला लागल्या.

"आज थोडं जाणवतंय, आई," हे भिंतीकडे बघतच म्हणाले.

"येल, येल," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता वाटी पुढे केली. "संपलं गो. आणि घाल."

मी उठले, बरणीतून खोबरेल ओतलं आणि वाटी भरून आणून त्यांच्या हातात दिली.