टपरीच्या बाकड्याखालच्या तीन बॅटऱ्या

कारखान्याच्या फाटकापासून मुख्य रस्त्यापर्यंत दीड किलोमीटर भर उन्हात, घड्याळ बघत, कधी चालला आहात? नसाल, तर त्या बाईला चोर म्हणायची घाई करू नका. मी केली होती. पोलीस खात्यातून निवृत्त व्हायला तेव्हा जेमतेम वर्ष उरलं होतं. ती घाई अजून टोचते.

चिकलठाण्याच्या औद्योगिक भागात भाड्याच्या इलेक्ट्रिक मोपेड नुकत्याच आल्या होत्या. मोबाइलवर कोड स्कॅन करायचा, गाडी सुरू. एक दिवस त्यांचा व्यवस्थापक आमच्या पोलीस ठाण्यात आला. रोज सकाळी एका कारखान्याच्या फाटकाजवळच्या तीन गाड्यांच्या बॅटऱ्या गायब, दुपारी पुन्हा जागेवर! ठाणे अंमलदार हसला, "साहेब, चोर लई इमानदार दिसतोय." मला मात्र टोळीचा संशय आला.

खबर पानटपरीवाल्यानं दिली. "साब, बाजूच्या चहावालीच्या बाकड्याखालचं पोतं उचलून बघा. पर माझं नाव नका घेऊ, दिवसभर तिचाच चहा पितो मी."

पोत्याखाली तिन्ही बॅटऱ्या निघाल्या. पंचनामा चालू असतानाच साडेतीनची पाळी सुटली आणि निळा एप्रन घातलेली एक कामगार बाई धावत आली. आम्हाला बघून पळाली नाही. समोर उभी राहिली. महिला हवालदाराला बोलावून तिथंच चौकशी सुरू केली.

"बॅटरी कशी काढली?"

"हेल्मेट ठिवायला सीट उघडतंयच की. उचलायची अन् इथं ठिवायची."

"विकायला?"

"विकायची असती तर रोज परत कशाला बसवली असती?" ती भडकली. "येष्टीत जागा धरायला खिडकीतून रुमाल टाकत्यात ना, साहेब? मी बी आधी हँडलला रुमालच बांधला. लोकांनी रुमाल सोडून गाडी नेली. मग बॅटरीच काढली. पाळणाघर चारला बंद होतंय. दोनदा उशीर झाला. तिसऱ्यांदा झाला तर लेकीला ठिवणार नाय म्हणल्यात. अन् तुम्ही गुन्हा लिवला तर कामावर कोण ठिवंल मला?"

"बाकीच्या दोन कुणासाठी?"

"माझ्या लाइनीतल्या बायकांसाठी. पर काढल्या मीच. नाव माझंच लिवा."

इतक्या वर्षांत शेकडो जबाब घेतले. गुन्हेगार आधी दुसऱ्याचं नाव पुढे करतो. ही स्वतःचं करत होती. घड्याळात पावणेचार वाजत आले होते. मी म्हणालो, "आधी लेकीला आणा. जबाब नंतर ठाण्यात."

अर्ध्या तासात ती लेकीचा हात धरून ठाण्यात हजर झाली. व्यवस्थापक गुन्ह्यावर अडून बसला होता. मी विचारलं, "पाळी सुटते तेव्हा फाटकाशी तुमच्या गाड्या किती?"

"तीन-चार. मागणी सगळी मोठ्या चौकांत असते, सर."

"मागणी तुमच्यासमोर बसलीय."

त्यानं पोरीकडे पाहिलं. मग तक्रार मागे घेतली. बाईनं पुन्हा बॅटरी काढणार नाही असं लिहून दिलं. पंधरा दिवसांत फाटकाशेजारी मोपेडचा थांबा झाला आणि पाळी सुटायच्या आधी तिथं गाड्यांची रांग लागू लागली. बॅटरी पुन्हा कधी गेली नाही.

मोठ्या रस्त्यांची भाषणं आपण खूप ऐकली. शेवटचा दीड किलोमीटर कामगार बाईच्या पायांवर टाकायचा आणि शहर पुढे गेलं म्हणायचं, हे आता बंद करू. तुमच्या कारखान्याच्या, रुग्णालयाच्या, शाळेच्या फाटकाशी असा थांबा नसेल, तर याच आठवड्यात पालिकेकडे आणि गाड्या चालवणाऱ्यांकडे अर्ज द्या. पाळी सुटायची वेळ त्यात ठळक लिहा. पहिली सही तुमची करा, दुसरी शेजारी काम करणाऱ्या बाईची घ्या.