अनुकंपेचं पत्र
कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की अमरावतीतली ती दुपार आठवते. वडील सरकारी नोकरीत असताना वारले, म्हणून अनुकंपेवर मला नोकरीचं पत्र आलं होतं. मी घरबसल्या इंटरनेटवरून वेबसाइटची कामं करायचो, दुपारी निवांत लोळायचो. साहेबाची हांजी हांजी नको म्हणून पत्र तसंच पडू दिलं. अकोल्याहून आलेल्या धाकट्या बहिणीने ते वाचलं. कापसाचं पीक बुडाल्यापासून तिच्याकडे शिलाईला बायाच येत नव्हत्या. "मुदत कालच संपली, दादा. तुले नोकरी नको होती, तं माह्या नावानं काहून नाही लिहून देली?" मी हादरलो. ती जागा तिला मिळू शकली असती, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. "झोप आता," म्हणत तिने पत्राची घडी घातली. सरकारी नोकरी नाकारल्याचं मी अजून लोकांना ऐटीत सांगतो. ती नोकरी बहिणीची होती, हे आज पहिल्यांदा लिहितोय.