मोजून बोलणारी सुमेधा

सुमेधा निंबाळकरला कोणी काहीही सांगितलं, की तिचा पहिला शब्द ठरलेला, "कशावरून?" दांडिया बाजारातल्या भाजीवालीनं मेथी आजचीच आहे म्हटलं, तरी "कशावरून?" बडोद्यात आम्ही दोघींनी एकाच प्रयोगशाळेत पीएचडी केली. तिच्या त्या एका शब्दापायी मी झालेले प्रयोग पुन्हा करत बसायची. पुढे मी इथल्याच कॉलेजात शिकवू लागले आणि ती अमेरिकेतल्या एका विद्यापीठात संशोधक म्हणून गेली.

काही वर्षांनी ती परत आली, ती सगळा संसार गुंडाळून. तिला तिथं कायमचं राहता यावं म्हणून विद्यापीठानं केलेला अर्ज नामंजूर झाला होता आणि कामाच्या व्हिसाची मुदतही संपली होती. नवरा समीर आणि मुलगी रेवा तिच्याच व्हिसावर तिथं राहत होते. तिघं कारेलीबागेत तिच्या आईच्या फ्लॅटमध्ये येऊन राहिली. विद्यापीठ पुन्हा अर्ज करणार होतं, पण तिची जागा वर्षभरच राखून ठेवणार होतं.

त्या घरात शिरलं की आवाज आपोआप खाली येई. समीर लॅपटॉप घेऊन नोकऱ्या शोधत बसलेला. शाळा आणि मैत्रिणी सुटल्यामुळे रेवा आईशी बोलेनाशी झाली होती. काही हवं असलं तर आजीला सांगायची. काकू, म्हणजे सुमेधाची आई, दोघींमध्ये निरोप पोचवत.

सुमेधानं कपाशीच्या पऱ्हाट्यांपासून एक स्वस्त कोळसा तयार केला होता. रंगाच्या कारखान्यातलं सांडपाणी त्यातून गाळलं की त्यातला रंग निघून जाई. त्यावरच्या शोधनिबंधांचं नाव झालं होतं. पण अर्ज तपासणाऱ्यांचा आक्षेप असा, की हे काम प्रत्यक्षात कुठे उपयोगी पडतंय याचा पुरावा नाही. मला ऐकून संताप आला. ती म्हणाली, "त्यांनी बरोबर विचारलंय. मीही हेच विचारलं असतं."

पुरावा होता, बडोद्याजवळच्या सावली गावापाशी. हसमुखभाईंच्या रंगाच्या छोट्या कारखान्यात तिच्या निबंधातल्या रीतीनं केलेला तो कोळसा वापरात होता. आम्ही दोघी माझ्या स्कूटरवरून तिथं गेलो. हसमुखभाईंनी चहा पाजला, कारखाना दाखवला, पण लिहून द्यायचं म्हटल्यावर हात जोडले. "बेन, कोलसो तमारो सारो छे, पण कागळ नहीं आपुं." कोळसा चांगला, पण लेखी काही देणार नाही. आता पाणी स्वच्छ जातं असं लिहिलं, तर आधी कसं जात होतं हे कोणी विचारलं म्हणजे? ही त्यांची भीती.

सुमेधानं आग्रह केला नाही. ती वाकून टाकीतून बाहेर पडणारं पाणी बघत होती. पाण्यात किंचित गुलाबी झाक होती. कोळसा कधी बदलला ते तिनं विचारलं आणि तिचा चेहरा उतरला. निबंधात लिहिलं होतं त्याच्या निम्म्या काळातच तो निकामी होत होता.

मग ती रोज सावलीला जाऊ लागली. प्रयोगशाळेतल्या पाण्यात नसलेला मिठाचा अंश कारखान्याच्या पाण्यात होता आणि तो कोळशाला नडत होता. तिनं कोळसा भाजण्याची रीत बदलली. आता तो जास्त टिकू लागला, तरी निबंधातल्या दाव्याइतका नाहीच. तिनं आपली चूक कळवणारं निवेदन त्या नियतकालिकाकडे पाठवायचं ठरवलं आणि नव्या अर्जालाही ते जोडायचं.

अर्जाचं काम बघणाऱ्या वकिलानं फोनवर सरळ सांगितलं, की हे जोडलंत तर केस स्वतःच्या हातानं बुडवाल. समीर तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "सहा महिने थांब. मंजुरी मिळू दे, मग कळव. रेवाचा तरी विचार कर."

मलाही त्याचं पटत होतं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

"मोजल्यावर लपवायचं असेल, तर मोजायचं कशाला?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. समीर बाहेर निघून गेला.

पुढच्या आठवड्यात हसमुखभाईंचा फोन आला. बेन आपली चूक लिहून देतायत, तर मीही देतो, म्हणाले. त्यांनी सगळं लिहिलं: आधीचं पाणी, कोळसा, त्यातला दोष आणि तिनं केलेली दुरुस्ती. अर्ज गेला. त्यानंतरचे महिने फार वाईट गेले. समीर तिच्याशी कामापुरतं बोले. ती सावलीला जात राहिली. एकदा रेवाही तिच्याबरोबर गेली. आल्यावर गुलाबी पाण्याचं काय होतं ते तिनं आजीला समजावून सांगितलं, आणि अडलं तिथं आईला विचारलं.

मंजुरी आली तेव्हा सुमेधा पोळ्या लाटत होती. समीरनं मोबाईल तिच्यापुढे धरला. तिनं तो मजकूर दोनदा वाचला, गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून रडली. कशामुळे मंजूर झालं ते वकिलालाही नक्की सांगता आलं नाही.

व्हिसाचं काम आटोपून ती तिघं निघाली, तेव्हा मी गाडीपाशी उभी होते. सामान चढलं. सुमेधा आत बसली आणि समोर बघत राहिली.

"एकदा वर बघ, काकू गॅलरीत असतील," मी म्हणाले.

"बघितलं तर उतरेन मी," ती म्हणाली.

गाडी गेल्यावर मी वर गेले. काकू स्वयंपाकघरात, खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या.

"तिनं वर बघितलं नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बरं झालं," काकू म्हणाल्या. "मी तिथं नव्हतेच."