बाबांच्या फोनची भाषा

मोबाइलमधलं ॲप पहिल्यांदा उघडतं तेव्हा बहुतेक वेळा ते माणसाला भाषा विचारत नाही. आधी फोनची भाषा बघतं. ती त्याच्याकडे नसेल तर प्रदेश बघतं, तेही जमलं नाही तर ठरवून दिलेली भाषा दाखवतं. हे नीट चालतं का ते तपासणं ही माझी नोकरी. म्हणून पुढचं सांगताना मला माझाच संताप येतो.

आई गेल्यावर बाबा खारी गावातल्या आमच्या घरात एकटे राहिले. मी मीरा रोडला, रिक्षाने वीस मिनिटांवर. नवऱ्याचा जुना फोन मी त्यांना दिला. तो हिंदीत होता. नंतर बदलू म्हटलं आणि राहूनच गेलं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

ऑफिसात असताना फोन करू नका, असं मीच त्यांना बजावलं होतं. माईकचं चित्र दाबून बोलायचं, मग बाण दाबायचा, फोन आपोआप लिहून पाठवतो, हे शिकवलं. मोतीबिंदूमुळे त्यांना अक्षरं दिसत नसत. "मना जमंल," ते म्हणाले. आमच्या गावच्या बोलीत 'मला' नाही, 'मना'. शाळेत पोरी हसल्या म्हणून मी ती बोली टाकली. बाबांनी कधीच टाकली नाही.

फोन त्यांचं बोलणं हिंदी समजून लिहायचा, रोज काहीतरी भलतंच. मी ते मैत्रिणींना वाचून दाखवायचे आणि आम्ही पोट धरून हसायचो. शेवटच्या आठवड्यात रोज दुपारी एकच ओळ येत होती: "मना कर मत नहाए."

"बाबा, आंघोळीला कोण नाही म्हणतंय?" मी लिहिलं. सोबत हसरा चेहरा. त्यांना अक्षरं दिसत नाहीत, हेसुद्धा मी विसरले.

रविवारी मी त्यांच्याकडे जाणारच होते. शनिवारी सकाळी शेजारच्या काकूंचा फोन आला. "तुजे बाबा उठतच न्हाय गो."

तेरावं झाल्यावर त्यांचा फोन हातात घेतला आणि आधी त्याची भाषा मराठी केली. अर्ध्या मिनिटाचं काम. मग त्यांचे मेसेज वाचत बसले. त्यांची आठवण आली म्हणून मोठ्याने, त्यांच्यासारख्याच हेलात. ती ओळ एका दमात म्हटली आणि माझ्याच कानांना ऐकू आलं.

मना करमत न्हाय.

पाच दिवस बाबा मला हेच सांगत होते. आणि मी हसत होते.