साडूंनी चहाला बोलावलं, एवढाच गुन्हा

शंभर रुपये हसत हसत देऊन टाकील, पण त्यातला एक रुपया कुणी न विचारता कापला तर घर डोक्यावर घेईल, असा माणूस अख्ख्या नागपुरात एकच आहे आणि तो नेमका साडू म्हणून माझ्या वाट्याला आला आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान हुडकेश्वरला राहतात आणि घरी बसून फोनवर चालणारी ॲपं लिहितात. सिनेमाचं तिकीट फोनवरून काढलं की वर सुविधा शुल्क लागतं, म्हणून ते भर उन्हात स्कूटर काढून थेटरच्या खिडकीवर जातात. जाण्यायेण्याचं पेट्रोल त्या शुल्कापेक्षा महाग पडतं, हे मी एकदा त्यांना हिशेब करून दाखवलं. "जळू दे ना गा," ते म्हणाले. "माझं पेट्रोल माझ्या गाडीत जळलं. पण ती सुविधा कोणाची झाली, ते सांग मले." मिठाईवाल्यानं एकदा खोक्यासकट पेढे तोलले, तर यांनी खोक्याचा कोपरा फाडून त्याच्यासमोर तोंडात टाकला. "पेढ्याच्या भावानं घेतला आहे, चव तर पाहतो," असं म्हणत ते तो पुठ्ठा बराच वेळ चघळत राहिले. तेव्हापासून माझी मेहुणी त्यांच्यासोबत मिठाई आणायला जात नाही.

यावरून त्यांना कुणी कंजूष म्हणेल तर त्याची जीभ झडेल. दारात आलेला माणूस चहा न पिता परत गेला, असं त्यांच्या घरी घडत नाही. वीजमीटर वाचायला येणारा आधी बसतो, चहा पितो, घरच्यांची खुशाली सांगतो आणि जाता जाता आठवलं तर मीटर वाचतो. एकदा चुकीच्या पत्त्यावर आलेल्या वऱ्हाडी मंडळींनाही त्यांनी पोहे खाऊ घातले आणि मग स्वतः पुढे स्कूटरवर बसून योग्य मांडवात नेऊन सोडलं. तिथे जेवूनही आले.

त्या जेवणातच त्यांच्या ॲपचं बी पडलं. बरीच वर्षं दुसऱ्यांच्या कंपन्यांत संगणकापुढे मान मोडल्यावर त्यांनी नोकरी सोडली होती आणि आता स्वतःचं काहीतरी करायचं होतं. त्या मांडवात वरण संपलं आणि जिलबी मात्र टोपलंभर उरली. आचाऱ्याला सगळे बोल लावत होते आणि तो बिचारा घाम पुसत होता. साडूंना ते पाहवलं नाही. त्यांनी आचाऱ्यांसाठी ॲप लिहायला घेतलं. पाहुणे किती, ऊन की थंडी, पंगत की उभ्यानं जेवण, आणि वऱ्हाड कुठून येणार, एवढं सांगितलं की डाळ, तांदूळ, बेसन, तेल किती लागेल ते सगळं समोर. नाव ठेवलं 'पोटभर'. अभ्यासासाठी ते एक अख्खी लग्नसराई ओळखीपाळखीच्या नसलेल्या मांडवांत जाऊन कोण किती खातो ते टिपत उभे राहिले. एका ठिकाणी वधूपित्याला ते कुठल्याशा सरकारी खात्याचे वाटले आणि त्यानं त्यांना बाजूला नेऊन पाकीट देऊ केलं. साडू इतके संतापले की त्यांनी त्याला कोशिंबीर कमी पडणार असल्याचं सांगितलं नाही आणि नंतर आठवडाभर त्याचं वाईट वाटून घेतलं.

ॲप उत्तम चाललं. लकडगंजातल्या केटररपासून रामटेकच्या शेवंताबाईंपर्यंत सगळे ते वापरू लागले. शेवंताबाई म्हणजे पाच-सहा बायका हाताशी घेऊन लग्नाकार्याचा स्वयंपाक उचलणाऱ्या बाई. लहान कार्याचा अंदाज फुकट, मोठ्या कार्यांसाठी वर्षाला थोडे पैसे. पण हे पैसे थेट साडूंकडे येत नसत. ॲप मिळणार फोनमधल्या त्या मोठ्या दुकानातून, पैसेही भरायचे त्याच दुकानाच्या गल्ल्यात, आणि दुकान आपला वाटा आधी कापून उरलेले यांना पाठवणार. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यासाठी भांडणाऱ्या माणसाच्या घरात परमेश्वरानं हे आणून ठेवावं, याला काय म्हणायचं?

हा अन्याय ते मला नुसता सांगत नसत, जेवू घालून सांगत. एका रविवारी वडाभाताचा बेत होता. माझ्या ताटात त्यांनी दहा वडे वाढले आणि मी हात घालणार तोच त्यातले तीन उचलून आपल्या ताटात ठेवले. "हे दुकानाचे," ते म्हणाले. "डाळ तुही, तेल तुहं, वाटण तुहं. पण ताट कोणाचं? माझं. मंग तीन माझे." मग थोडा विचार करून त्यांनी दीड वडा परत माझ्या ताटात टाकला. "आता लहान मानसाले अर्धीच कपात ठेवली आहे. याले दया म्हणतात. खा."

मी जन्मभर नोकरी केलेला माणूस. दुसऱ्या बाजूनं बोलायची सवय जात नाही. म्हटलं, "साडूभाऊ, दुकान त्यांनी उभारलं, राखणही तेच करतात. भाडं नको का द्यायला?"

"भाड्याले कोन नाही म्हणते?" ते उसळलेच. "माझ्या काकाचं लकडगंजात दुकान होतं. जन्मभर भाडं भरलं त्यानं. पण घरमालक कधी गल्ल्यावर येऊन बसला नाही. आन् गिऱ्हाइकाशी बोलू नको, असं तर त्याच्या बापानंही सांगितलं नाही!"

ही गिऱ्हाइकाशी बोलण्याची गोष्ट मला तेव्हा कळली नव्हती. ती कळली शेवंताबाईंमुळे. ॲपच्या शेवटच्या पानावर साडूंनी आपल्या घराचा पत्ता दिला होता आणि खाली लिहिलं होतं, 'कधीही या, चहा पिऊनच जावं लागेल.' आता हे वाचून आपल्याकडे लोक येणारच. शेवंताबाई एका दुपारी रामटेकहून बसनं आल्या. त्यांनी चहा घेतला आणि कमरेच्या पिशवीतून पैसे काढून टेबलावर ठेवले. "भाऊ, त्या फोनात पैसे टाकाले मले भेव वाटते. तुमचंच आहे ना ते? मंग तुमच्याच हाती देतो." साडूंनी पैसे घेतले, शेवंताबाईंना वर्षभरासाठी सगळं खुलं करून दिलं आणि त्याच दिवशी, मोठ्या भाबडेपणानं, शेवटच्या पानावर आणखी एक ओळ घातली: 'फोनवरून पैसे भरायला भीती वाटत असेल तर घरी आणून दिले तरी चालतील. चहा आहेच.'

झालं. थोड्याच दिवसांत दुकानाचं पत्र आलं आणि 'पोटभर' दुकानातून गायब झालं. का, तर गिऱ्हाइकाला गल्ल्याबाहेर पैसे द्यायला उत्तेजन दिलं. स्वतः रांधलेलं अन्न, स्वतःचं घर, स्वतःचा चहा, आणि 'आमच्याकडे या' म्हणायची चोरी! मला स्वतःला राग यायला वेळ लागतो, पण त्या दिवशी आला आणि अजून गेलेला नाही. तेही ऐन लग्नसराईत. घर त्या एका ॲपवर चालत होतं.

साडूंनी त्यांना इंग्रजीत लांबलचक पत्र लिहिलं. आमच्याकडे आलेल्याला चहा विचारण्याची रीत आहे, भीती वाटणाऱ्या बाईला फोनवर पैसे भर असं दटावता येत नाही, वगैरे. उत्तर आलं ते आधीच्या पत्राची नक्कल होतं, आणि खाली माणसाचं नावच नव्हतं. त्यांनी फोन नंबर मागितला, तो मिळाला नाही. "पत्ता तरी द्या म्हनलं," साडू मला सांगत होते. "मी येऊन भेटतो म्हनलं. भांडत नाही, नुसता भेटतो. माणूस माणसाले भेटल्यावर काही तरी निंगते ना गा?" इकडे नवा फोन घेतलेल्या आचाऱ्यांना ॲप सापडेना, ज्यांच्या फोनात होतं त्यांना वर्षाचे पैसे भरता येईनात, आणि सगळे साडूंना फोन करू लागले. ते दिवसभर कानाला फोन लावून तोंडी हिशेब सांगत फिरत. "हजार पान? कुठचं वऱ्हाड? मंग वरण वाढव, भात नको वाढवू." एक पैसा न घेता. मेहुणी स्वयंपाकघरातून हे सगळं ऐकायची. शेवटी एक दिवस बाहेर येऊन बोलली. "अहो, काढून टाका ना ते एक वाक्य. पोरीची फी भरायची आहे."

त्यांनी वाक्य काढलं. नुसतं पैशाचं नाही, चहाचंही काढलं, पत्ताही काढला. मी विचारलं, चहा काहून काढला? "कोनता शब्द खुपला ते सांगतच नाहीत," ते म्हणाले. "मंग सगळंच पुसलं."

ॲप परत आलं. पैसेही यायला लागले, कापून का होईना. मी अभिनंदन करायला गेलो, तर साडू शांत बसलेले. दुकानाला शिव्या नाहीत, लकडगंजचे काका नाहीत. मी मुद्दाम म्हटलं, "आता नियमानं चाललंय, हे बरं झालं." यावर पूर्वी त्यांनी मला उभं आडवं घेतलं असतं. ते नुसते "हो" म्हणाले. त्या 'हो'नं मला जितका त्रास झाला तितका त्यांच्या कुठल्याही भांडणानं झाला नव्हता.

मग त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. 'पोटभर'खाली कुण्या नव्या आचाऱ्यानं अभिप्राय लिहिला होता: 'हिशेब एकदम बरोबर येते. पण नाव नाही, पत्ता नाही. आत कोनी माणूस आहे का नाही?'

उत्तर लिहायची जागा खाली रिकामी होती. साडूंनी तिथे काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. "काय लिहू गा?" त्यांनी मला विचारलं. आवाज इतका हळू की आत मेहुणीला ऐकू गेला नसता. "नुसतं 'आहे' लिहिलं तर चालंल ना त्या दुकानवाल्याईले?"

"लिहा, साडूभाऊ," मी म्हणालो. त्यांनी ते लिहिलं, चष्मा वर करून एकदा तपासलं, आणि मग फोन माझ्या हातात दिला. "तूच पाठव," ते म्हणाले.