होळीत टाकलेली फाईल

"पूरे लिवर में फैल चुका है," डॉक्टर म्हणाले. कुसुमकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले.

कुसुम माझी नणंद. तिचा नवरा लवकर गेला, तेव्हापासून रायपूरला आमच्याकडेच आहे. चाळीस वर्षं एका स्वयंपाकघरात भांडलो आम्ही. तिचं जेवण कमी झालं, उजव्या बरगडीखाली दुखतं म्हणाली, म्हणून सोनोग्राफी केली. त्यात हे दिसलं.

"पेट पर ये निशान काहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नौ साल पहले पेट की गांठ निकाली थी."

"फाइल?"

आमच्याकडे माणूस बरं झालं की त्याच्या दुखण्याचे कागद होळीत टाकतात. दुखणं परत येऊ नये म्हणून. कुसुमची फाईल मी टाकली होती. गाठ कसली होती, पुन्हा कधी दाखवायचं होतं, सगळं त्यातच लिहिलेलं असणार. चौथी शिकले आहे, पण मी ती उघडूनही पाहिली नाही.

"जला दी," मी म्हटलं. डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

लिव्हरचाच कॅन्सर असेल तर फार काही करता येणार नाही, ते म्हणाले. जुन्या गाठीचा पसरला असेल तर औषध असू शकतं. ते शोधावं लागेल.

आधी पेट स्कॅन. नाव पेट, पण फोटो सगळ्या अंगाचा. शिरेतून किरणं सोडणारी साखर देतात. कॅन्सर ती जास्त ओढतो आणि फोटोत तिथे चमकतं. सुई दिल्यावर तासभर न बोलता पडून राहायचं. बाहेर येऊन कुसुम म्हणाली, "वहिनी, तुले नसतं जमलं."

लिव्हरभर पाच जागी चमकलं. मग बायोप्सी, म्हणजे सुईने तुकडा काढणं. तो तुकडा मॉलिक्युलर टेस्टसाठी बाहेरगावी गेला. पेशीतला कोणता जीन बिघडला, ते त्यात कळतं.

तीन आठवडे वाट पाहिली. मी तिच्याशी गोड बोलू लागले. चौथ्या दिवशी ती वैतागली.

"काहून अशी बोलून राहिली? मेली नाही मी अजून."

"तुही फाईल म्या जाळली, कुसुम."

"मले माहीत आहे. मीच तर दिली होती तुह्या हातात."

मला हे आठवत नाही. खरं की माझ्यासाठी बोलली, मी विचारलं नाही.

रिपोर्टात जिस्ट निघाला. जठराच्या भिंतीत होणारा, क्वचित दिसणारा कॅन्सर. जुनीच गाठ पसरली होती. बिघडलेल्या जीनवर नेमकी चालणारी गोळी आहे, रोज एक. "जड़ से शायद न जाए," डॉक्टर म्हणाले, "दबाके रखेंगे."

तुमच्या घरी असा रिवाज असेल तर मोडा. होळीला लाकडं पुरतात. आमची नवी फाईल तांदळाच्या कोठीवर असते, आणि मी ती वाचते.

दीड वर्ष झालं. गाठी आकसल्या आहेत. गोळीने तिचे डोळे सुजतात, भांडण मात्र पूर्वीसारखंच करते. कुसुम जिवंत आहे.