अप्पांची कॅनडाची फाईल

गौरांगला कॅनडात कायमचं राहायची परवानगी मिळाली. बायको-मुलीला तिकडे बोलावण्याचा अर्ज करायचं ठरलं, तेव्हा इंदिरानगरातल्या त्या घरात सगळ्यात जास्त आनंद झाला तो दिवाकररावांना. सुनेला, आभाला, तेवढा झाला नाही. तिचा आनंद वाट बघून बघून शिळा झाला होता. दिवाकररावांचा मात्र अगदी ताजा होता, कारण निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या हाती खरीखुरी फाईल येणार होती.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात आस्थापना शाखेत त्यांनी उभा जन्म काढला. वीज कशी तयार होते हे त्यांना कधी नीट कळलं नाही, पण ती तयार करणाऱ्या माणसाचा रजेचा अर्ज कोणत्या शेऱ्यानं परत पाठवायचा, हे त्यांच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. घरी बसल्यावर त्यांनी घराचीच आस्थापना हाती घेतली. गॅसची फाईल, नळपट्टीची फाईल, बायकोच्या म्हणजे शैलाताईंच्या गुडघ्यांची फाईल. नात झाली, तर बारशाच्या आधी तिची फाईल उघडली गेली. स्वरदा हे नाव नंतर आलं.

"गौरांग, तू तिकडून कशाला हात लावू नकोस," त्यांनी व्हिडिओ कॉलवर बजावलं. "इकडचं सगळं मी तयार करतो. तू फक्त अपलोड करायचं."

"अप्पा, आभा करेल की. एम.कॉम. आहे ती."

"असू दे ना. कागद जमवणं वेगळं आणि फाईल लावणं वेगळं."

आभा शेजारीच उभी होती. तिलाही नवऱ्याशी बोलायचं होतं. पण अप्पांच्या हातात गेलेला फोन चार्जिंग संपल्याशिवाय सुटत नसे. आधी तिकडचं हवामान, मग इकडचं राजकारण, मग द्राक्षाचे भाव. घरात कोणाची द्राक्षबाग नव्हती, तरी द्राक्षाचे भाव. मग "घे, बोल," म्हणून ते काळा झालेला पडदा सुनेच्या हातात देत.

आभाला घाई होती ती स्वरदासाठी. पोरगी चार वर्षांची झाली होती आणि बाप म्हणजे फोनमध्ये राहणारा एक माणूस, अशी तिची पक्की समजूत होती. मागच्या वेळी गौरांग सुट्टीवर आला, तेव्हा ती आजीच्या पदरामागे लपून म्हणाली होती, "आजी, हे बाबा बाहेर कसे आले?" सगळे हसले. गौरांगही हसला, आणि मग बराच वेळ बाथरूममध्ये नळ सोडून आत राहिला. पोरगी शाळेत जायच्या आत तिला बापाच्या मांडीवर नेऊन बसवायचं, एवढंच आभाला हवं होतं.

खोटं कशाला बोला, सुरुवातीचं काम अप्पांनी सुरेख केलं. महापालिकेतून स्वरदाचा जन्मदाखला, लग्नाच्या नोंदणीचा दाखला, आभाचा पोलिसांचा दाखला. रांगेत उभं राहायला त्यांना मनापासून आवडे. रांगेतल्या चार जणांच्या अर्जातल्या चुका काढूनच ते घरी येत. गाडी अडली ती एका मुद्द्यावर. हे लग्न खरंखुरं आहे आणि नवरा-बायकोचं नातं चालू आहे, याचा पुरावा जोडा, असं तिकडचं म्हणणं होतं.

"म्हणजे काय?" अप्पा कडाडले. "त्र्यंबक रोडच्या लॉन्सवर चारशे पानं उठली! कॅनडाला संशय आहे?"

"पानं उठली ती आपली," शैलाताई म्हणाल्या. "त्यांना जेवायला बोलावलं होतं का?"

पुरावा म्हणून आधी फोटो निवडायचे होते. अप्पांनी अल्बम मांडीवर घेतला आणि फोटो काढून काढून रांगोळीसारखे मांडले. आभानं पाहिलं तर प्रत्येक फोटोत अप्पा होते. सप्तपदीत अप्पा, सीमांतपूजनात अप्पा, व्याह्यांच्या गळ्यात पडलेले अप्पा. लग्नानंतरच्या महाबळेश्वरच्या सहलीचे फोटो होते, पण त्या सहलीला सासू-सासरेही होते. सतरा आसनी गाडी केली होती आणि रिकाम्या सीट नकोत म्हणून चांदवडची आत्यादेखील. नवरा-बायको दोघंच, असा एकच फोटो सापडला. त्यातही कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचं बोट आलं होतं. बोट अप्पांचंच.

"अप्पा, हे बघून त्यांना वाटेल, माझं लग्न कोणाशी झालंय?"

"कुटुंब दिसतं त्यातून. वजन पडतं."

मग आले मेसेज. नवरा-बायकोचं मोबाइलवरचं बोलणं छापून जोडायचं होतं. आभा दचकली. "ते मी आणि गौरांग बघून घेऊ, अप्पा."

"पान नंबर टाकल्याशिवाय माझ्या फाईलमध्ये काही जात नाही. आणि नवरा-बायकोच्या बोलण्यात लपवण्यासारखं काय असतं गं?"

"तुम्हाला कसं कळणार?" आतून शैलाताईंचा आवाज आला. "आपण कुठे कधी बोललो!"

आभानं जपून जपून थोडे मेसेज निवडले, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणले आणि मान खाली घालून सासऱ्यांपुढे ठेवले. अप्पांनी चष्मा लावला, तांबडी पेन्सिल घेतली आणि तिच्या संसारावर शेरे मारायला सुरुवात केली. 'तुझा निळा शर्ट धुतला नाही अजून, वास जाईल' याच्यापुढे त्यांनी लिहिलं, 'वैयक्तिक. वगळावे.' 'फार आठवण येते रे' याच्यापुढे, 'मोघम.' तेच वाक्य पुढच्या पानावर आल्यावर, 'पुनरुक्ती.' शेवटी जे उरलं ते असं होतं : सिलिंडर आला. आईचं बीपी ठीक. नळपट्टी भरली, पावती अप्पांकडे.

"बघ," अप्पा समाधानानं म्हणाले, "किती जबाबदार संसार दिसतो!"

आभानं गौरांगला कळवलं. तो म्हणाला, "जाऊ दे गं. अप्पांचं मन कशाला मोडायचं?" त्यावर तिनं जे काही लिहिलं आणि त्यानं जी काही उत्तरं दिली, ते भांडण दोन दिवस पुरलं. पण फाईल अप्पांचीच गेली. लाल फीत, पान क्रमांक, वर अनुक्रमणिका. स्कॅन करताना झेरॉक्सवाल्यानं फीत सोडली, तेव्हा अप्पांचा चेहरा मुलगी सासरी पाठवणाऱ्या बापासारखा झाला होता.

काही महिन्यांनी तिकडून पत्र आलं. भाषा सभ्य होती. पाठवलेल्या कागदांवरून घर नीट चाललेलं दिसतं, पण हे बोलणं नवरा-बायकोचं आहे, असं त्यावरून म्हणता येत नाही. आणखी पुरावा पाठवा, नाहीतर अर्ज नामंजूर होऊ शकेल. शिवाय फोटोंतला नवरा नेमका कोण, तेही खूण करून दाखवावं.

अप्पांनी पत्र दोनदा वाचलं. "हरकत नाही. खुलासा सादर करू. मी मसुदा करतो."

"या वेळी खुलासा मी देते, अप्पा," आभा म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण शैलाताई पोळी तव्यावर तशीच ठेवून दारात येऊन उभ्या राहिल्या.

स्वरदाला बालवाडीत सोडून आभा फोन घेऊन बसली आणि पहिल्यापासून सगळं वाचत गेली. गोड बोलणं होतं, पण गोड कोणीही बोलतं. ज्यावरून नवरा-बायको ओळखू यावेत, अशी होती ती भांडणं. आणि जवळजवळ सगळी भांडणं होती अप्पांवरून. 'तुझे वडील माझ्या फोनची चार्जिंग खातात.' 'मी भाजी घ्यायला जाते तर म्हणतात, परतण्याची वेळ नमूद कर.' 'आज त्यांनी माझ्या माहेरी राहण्याचे दिवस किरकोळ रजेत धरले.' त्यावर गौरांगचं, 'मी जन्मभर या हेडक्लार्ककडे अर्ज केलेत, आता तू कर.' मग तिचं, 'तू पळालास, मी अडकले.' आणि त्याच्याखाली त्याचं, 'पळालो नाही गं. तुला न्यायला जागा करतोय.'

त्या ओळीपाशी ती थोडी थांबली. मग तिनं फोन लावला. "सगळं पाठवते. भांडणांसकट."

"अप्पांचंही?"

"ते काढलं तर उरतं काय? सिलिंडर?"

"आणि भाषांतर कोण करणार?"

"विश्वेशसर. प्रमाणित करून देतात."

"अगं, ते रोज अप्पांबरोबर जॉगिंग ट्रॅकवर असतात!"

"मग काय करू? अप्पा ट्रॅक बदलेपर्यंत थांबू? पोरगी तुला फोनमधला माणूस समजते, गौरांग."

मग तो म्हणाला, "पाठव." त्याच्या आयुष्यात वडिलांना न विचारता केलेलं हे बहुधा दुसरं काम होतं. पहिलं म्हणजे कॅनडा.

पाठवून झाल्यावर अप्पा दारात आले. "ऑफिस कॉपी कुठंय?"

"नाही ठेवली."

"ऑफिस कॉपी नाही?" त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

विश्वेशसर इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक. व्यवसायाची नीती पाळणारे. दिवाकररावांना त्यांनी एक अक्षर सांगितलं नाही. फक्त ट्रॅकवर दुसऱ्या फेरीला खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दिवाकरराव, सून भाजी आणायला गेली की परतण्याची वेळ विचारू नये हो माणसानं." तिसऱ्या फेरीला म्हणाले, "आणि माहेरपणाला किरकोळ रजा? अर्जित धरायची निदान." चौथी फेरी अप्पांनी मारलीच नाही.

संध्याकाळी गौरांगचा फोन आला. अप्पांनी तो घेतला, "बरं आहे ना? बरं," म्हणाले आणि आभाच्या हातात दिला. द्राक्षाचे भाव त्या दिवशी निघालेच नाहीत. आभाला एक क्षण वाईट वाटलं. मग पडद्यावर नवरा दिसला, तोंड धुतलेला, भरपूर चार्जिंग असलेला, आणि वाईट वाटायचं राहून गेलं. स्वरदा मात्र हट्टानं म्हणाली, "आजोबांना का नाही बोलू दिलं?" त्यावर अप्पा उठून गॅलरीत गेले.

मंजुरी आली तेव्हा पासपोर्ट पाठवायचं पत्र अप्पांनीच मोठ्यानं वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून कॉलनीत बातमी झाली, की दिवाकररावांनी अशी फाईल लावली, की कॅनडाला बोट ठेवायला जागा राहिली नाही. समोरच्या लताबाई पेढे घ्यायला आल्या, त्यांना तर त्यांनी पान क्रमांकाचं महत्त्वही समजावलं. शैलाताई पेढ्यांचा डबा धरून शेजारी उभ्या होत्या. "हो तर," त्या म्हणाल्या, "यांच्यामुळेच झालं. यांच्याशिवाय लिहिण्यासारखं काही नव्हतंच त्यात."

निघायच्या आदल्या दुपारी आभा बॅगेत गोडा मसाला कोंबत होती. अप्पा आले आणि उगाच बॅगेची चेन वर-खाली करत उभे राहिले.

"काय हो अप्पा?"

"नाही, ते... माझ्याबद्दल जे काही तिकडे गेलंय. त्यात आता दुरुस्ती अर्ज करता येतो का?"

आभानं मसाल्याची पिशवी बॅगेच्या कोपऱ्यात दाबून बसवली.

"नाही येत, अप्पा," ती म्हणाली. "मंजूर झालंय ते."